पॅनिकसाठी एक्सपोजर थेरपी घेतली, १२ सेशन्सनंतरचा अनुभव (५ पैकी ४)

एक्सपोजर थेरपी म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला टाळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने मुद्दाम सामोरं जायचं. मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा सगळीकडे नुसतं "छान आहे, फरक पडला" एवढंच वाचायला मिळायचं, तिथे नेमकं काय करायला लावतात ते कोणी सांगतच नव्हतं.

मला पहिला पॅनिक अटॅक (अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका) लिफ्टमध्ये आला. छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या, आता मरतेच असं वाटलं. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. पण त्यानंतर दीड वर्ष लिफ्ट बंद, बस बंद, गर्दी बंद, आणि पर्समध्ये पाण्याची बाटली आणि इमर्जन्सीची गोळी असल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. आधी जिथे जात होते तिथे फक्त खोल श्वास घ्या, शांत व्हा एवढंच शिकवलं. घरी बरं वाटायचं, बसमध्ये चढले की परत तेच.

इथे मात्र दुसऱ्याच सेशनला थेरपिस्ट मॅडमनी मला १ मिनिट भराभर श्वास घ्यायला लावला, त्या स्वतःही माझ्याबरोबर घेत होत्या. गरगरलं, ओठांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे धूसर, म्हणजे अटॅकमध्ये होतं ते सगळं! मग त्यांनी सांगितलं की असा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून हे होतं, आणि थांबलं की आपोआप ओसरतं. मी रडले तिथे. दीड वर्ष ज्याला घाबरून जगले ते ६० सेकंदांत मीच आणू शकत होते.

पुढे बारीक स्ट्रॉमधून श्वास, फिरत्या खुर्चीवर गोल फिरणं, जागच्या जागी पळणं. प्रत्येक वेळी आधी लिहायचं की काय होईल असं वाटतंय आणि नंतर लिहायचं की खरंच काय झालं. माझं कायम "बेशुद्ध पडेन". एकदाही पडले नाही, कारण पॅनिकमध्ये बीपी सहसा वाढतं आणि चक्कर येऊन पडायला ते खाली यावं लागतं, हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

सगळ्यात अवघड गेलं ते बाटली आणि गोळी घरी ठेवून लिफ्टने जाणं. गोळी पर्समध्ये असली की मन म्हणतं गोळी होती म्हणून वाचलो, भीती तिथल्या तिथेच राहते. पहिल्या दिवशी लिफ्टने ६ वेळा वर-खाली केलं, सहाव्या वेळी चक्क कंटाळा आला.

एक स्टार कापला तो चौथ्या सेशनसाठी, थेट खच्चून भरलेल्या बसमध्ये पाठवलं, मी मध्येच उतरले आणि दोन आठवडे गेलेच नाही. नंतर स्पष्ट बोलले तेव्हा त्यांनी ऐकलं, पायऱ्या नव्याने आखल्या. आणि होमवर्क भरपूर आहे हं, रोज करावं लागतं, आठवड्यातून एकदा जाऊन काही होत नाही.

दमा, हार्टचा त्रास, फिट्स किंवा प्रेग्नन्सी असेल तर श्वासाचे हे प्रकार करायच्या आधीच सांगा. चालू असलेल्या रोजच्या गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच. आणि अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारून घ्या की धडधड, चक्कर मुद्दाम आणायचे व्यायाम करून घेता का, की नुसतं बोलणं आणि रिलॅक्सेशन.