कॉलेज ग्रीन वॉक, डब्लिन: गाइड पक्का, पण कान देऊन ऐकावं लागतं

आई-बाबा इकडे आल्यावर बाबांसाठी हा वॉक बुक केला. गाइड अभ्यास करून आलेला होता. ४ नोव्हेंबर १७७९ ला व्हॉलंटियर्स (आयर्लंडचे स्वयंसेवक सैनिक) इथेच, इंग्लंडचा राजा तिसऱ्या विल्यमच्या पुतळ्याभोवती जमले. तोफेला पाटी लटकवलेली, 'मुक्त व्यापार, नाहीतर हे!', म्हणजे ब्रिटननं आयर्लंडच्या व्यापारावरची बंधनं उठवावीत, नाहीतर तोफ आहेच. तोफ कुठे, पुतळा कुठे (तो आता नाही), हे त्यानं चक्क रस्त्यात उभं राहून दाखवलं. बाबा खूश. पुढे फेब्रुवारी १७८२ ची डंगॅनन गावातली व्हॉलंटियर्सची सभा: आयर्लंडसाठी कायदे करायचा हक्क फक्त राजा आणि आयर्लंडच्याच लॉर्ड्स-कॉमन्सचा (संसदेच्या दोन सभागृहांचा), असा ठराव. आयर्लंडसाठी कायदे करायचा हक्क ब्रिटिश संसदेला आहे असं सांगणारा १७२० चा कायदा लंडनला त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. हे सगळं मस्त रंगवलं.

तक्रारी दोन. हेन्री ग्रॅटनच्या (आयर्लंडच्या संसदेच्या हक्कांसाठी भांडणारा त्या काळचा नेता) पुतळ्यापाशी बस आणि ट्रामच्या गोंगाटात निम्मं ऐकूच येत नाही. एवढे पैसे घेता, तर एक छोटा माईक ठेवा की राव. आणि बाबांनी विचारलं, "मग कॅथलिकांना मताचा हक्क मिळाला का?" (देशात तेच बहुसंख्य, पण तेव्हा त्यांना मत नव्हतं.) तर "१७९३ मध्ये" एवढं सांगून स्वारी पुढे! खरी गोम तिथेच होती. संसदेत बसायला तर त्यांना १८२९ उजाडलं.

आयर्लंडच्या जुन्या संसदेची इमारत म्हणजे आताची बँक. तिच्यातलं लॉर्ड्सचं दालन मात्र तिकिटात धरलेलं नाही, बाहेरूनच खांब बघायचे. पाचापैकी साडेतीन. सकाळचा स्लॉट घ्या, गर्दी कमी असते.