पायथन की जावास्क्रिप्ट: चूक नेमकी कुठे, हे कोण खरं सांगतं?

जळगाव-धुळ्याकडे बीसीएला (कॉम्प्युटरच्या पदवीला) प्रवेश घेतलेली पोरं विचारतात, प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी आधी पायथन शिकू की जावास्क्रिप्ट? नोकरीचं गणित तूर्त बाजूला ठेवू. पहिल्या वर्षी बराच वेळ एरर, म्हणजे प्रोग्राम चुकल्यावर येणारा संदेश, वाचण्यातच जातो, तेव्हा एरर किती खरं बोलते एवढंच बघू.

समजा, रावेरच्या केळीची पट्टी काढायची आहे. वापरणाऱ्याने 5 क्विंटल टाइप केले, त्यात 3 मिळवायचे. जावास्क्रिप्ट टाइप केलेल्या 5 ला मजकूर समजते, 3 त्याला चिकटवते आणि 53 क्विंटल दाखवून मोकळी होते. शेजारच्याने ‘काय व्हयनं भाऊ?’ विचारावं, तर दाखवायला एररच नाही! पायथन तिथेच टाइपएरर (मजकूर आणि आकडा मिसळल्याची एरर) देऊन थांबते. ऑब्जेक्टमधल्या (नावं देऊन एकत्र ठेवलेल्या माहितीतल्या) नावाचं स्पेलिंग चुकलं तरी जावास्क्रिप्ट गप्प राहते. हाती ‘अनडिफाइन्ड’ (किंमतच नाही) येतं आणि ओरड झालीच तर पार दुसऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या दुसऱ्याच तुकड्यात. ‘अनएक्स्पेक्टेड टोकन <’ तर चकवाच. पोरं जेसन (माहिती पाठवायचा ठरलेला साचा) तपासत बसतात आणि सर्व्हरने बहुतेकदा जेसनऐवजी एचटीएमएलचं, म्हणजे वेबपेजचं, पान पाठवलेलं असतं, जे < या खुणेने सुरू होतं.

पायथनही साधी नाही. कंस बंद करायचा राहिला की जुनी पायथन खालच्या ओळीवर बोट ठेवून ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ (लिहिण्याची रीत चुकली) म्हणायची, आणि ती ओळ अगदी बरोबर असायची. 2021 च्या 3.10 आवृत्तीपासून ती न मिटलेला कंसच दाखवते, चुकलेल्या नावाला जवळचं नावही सुचवते. व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या नावाला) ‘लिस्ट’ हे पायथनचंच तयार नाव दिलं आणि पुढे मूळ ‘लिस्ट’ वापरायला गेलं की येणारी ‘नॉट कॉलेबल’ मात्र आजही नवख्याला काही उमजू देत नाही.

खरी अडचण कॉम्प्युटरची. लॅबमध्ये किंवा घरी विंडोज 7 असेल तर पायथन 3.8 च्या पुढे जात नाही, म्हणजे जुन्याच एरर. त्याच मशीनवर क्रोम 109 चालतं आणि त्यातली जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टमधली कोणती प्रॉपर्टी (नाव) वाचताना अडली ते नावासकट सांगते.

तरीही मी पायथनच घ्यायला सांगेन. ओळ चुकीची दाखवली तर एक ओळ वर बघायची सवय लागते. आलीच नाही ती एरर कशी शोधणार? वेबपेजचंच काम लगेच हवं असेल तर जावास्क्रिप्ट घ्या, पण फाइलच्या सुरुवातीला ‘यूज स्ट्रिक्ट’ ही कडक तपासणीची सूचना लिहा. घोषित न केलेल्या व्हेरिएबलला किंमत दिली की मग ती अडवते.