‘अप्लाय --प्रून’: सफाई चांगली करतो, पण लेबलच्या भरवशावर सोडू नये

कुबरनेटीसमध्ये (कंटेनर चालवणारी प्रणाली) कस्टमाइझ या यॅमल फाइली जुळवणाऱ्या साधनाचा काँफिगमॅप (ॲपच्या सेटिंग्ज ठेवणारा ऑब्जेक्ट) जनरेटर वापरत असाल, तर मजकूर बदलला की नावाच्या शेवटचा हॅश (मजकुरावरून काढलेला सांकेतिक तुकडा) बदलतो, नवी काँफिगमॅप बनते आणि जुनी क्लस्टरमध्ये पडून राहते. हा साठा उपसायला क्यूबसीटीएल या कमांड-साधनाच्या ‘अप्लाय’मध्येच (यॅमल क्लस्टरवर लागू करणारी आज्ञा) ‘--प्रून’ आहे. तो कुबरनेटीस १.५ मध्ये अल्फा (प्रायोगिक) म्हणून आला आणि तो शिक्का गांभीर्यानं घ्यावा.

‘-एल’ला दिलेलं लेबल आणि ‘लास्ट अप्लाइड’ ॲनोटेशन (शेवटच्या अप्लायची नोंद) ज्या ऑब्जेक्टवर आहे, पण जो आत्ताच्या यॅमलमध्ये नाही, तो उडतो. नुसत्या ‘क्रिएट’नं बनवलेल्यांवर हे ॲनोटेशन नसतं, म्हणून ते कधीच जात नाहीत. कस्टम रिसोर्सही (वापरणाऱ्यानं स्वतः जोडलेले प्रकार) उरतात, कारण प्रून कोणते प्रकार तपासतो त्या मूळ यादीत ते नाहीत. ‘--प्रून-अलाउलिस्ट’ दिलीत की मूळ यादी बाद होते, तेव्हा हवे ते सगळे प्रकार लिहा. एखाद्या नेमस्पेसमधलं (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) सगळंच यॅमलमधून काढलंत, तर प्रून तिकडे फिरकतही नाही.

कचरा राहिला तर निस्तरता येतं. नको ते उडालं तर कठीण. मूळ यादीत पीव्हीसी (साठवणजागेची मागणी) आणि नेमस्पेससुद्धा आहेत! दोन ॲपना एकच लेबल असेल, तर एकाच्या अप्लायमध्ये दुसऱ्याची पीव्हीसी जाते. पीव्हीसी गेल्यावर डिस्कचं काय करायचं हे ठरवणारी रिक्लेम पॉलिसी ‘डिलीट’ असेल तर डेटाही. आधी ‘डिफ --प्रून’ (काय बदलेल ते नुसतं दाखवणारी आज्ञा) चालवून यादी वाचा.

दुसरी अडचण रोलबॅकची, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परतण्याची. ‘रोलआउट अनडू’ केल्यावर जुन्या आवृत्तीचा पॉड (ॲपचे कंटेनर चालवणारं एकक) जुनीच काँफिगमॅप मागतो. ती प्रून झालेली असेल तर ‘एन्व्हफ्रॉम’वाला (सेटिंग्ज एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेणारा) पॉड ‘क्रिएटकंटेनरकाँफिगएरर’मध्ये अडकतो, व्हॉल्यूमवाला (सेटिंग्ज फाइल म्हणून जोडणारा) ‘कंटेनरक्रिएटिंग’मध्ये. त्यामुळे आधी साधा अप्लाय, मग ‘रोलआउट स्टेटस’, आणि नवी आवृत्ती स्थिरावल्यावरच प्रून.

१.२७ मधला ॲप्लायसेट (एकत्र अप्लाय होणाऱ्या ऑब्जेक्टचा नोंदवलेला संच), तोही अल्फाच, खूपच बरा. ‘क्यूबसीटीएल_ॲप्लायसेट=ट्रू’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवून ‘--प्रून --ॲप्लायसेट=नाव -एन नेमस्पेस’ द्यायचं. मग सदस्यांवर स्वतंत्र लेबल बसतं, आणि संचात कोणते प्रकार आणि कोणत्या नेमस्पेस आहेत याची नोंद पालक सीक्रेटवर (संचासाठी ठेवलेला एक ऑब्जेक्ट) राहते. कस्टम रिसोर्स आणि सुटलेल्या नेमस्पेस, दोन्ही तक्रारी त्यानं मिटतात. नव्या कामासाठी हाच घ्या.

प्रूननंतर ऑब्जेक्ट ‘टर्मिनेटिंग’मध्ये लटकला, तर बहुधा फायनलायझर (साफसफाई होईपर्यंत ऑब्जेक्ट हटू न देणारी खूण) सोडवणारा कंट्रोलरच बंद असतो. आधी तो सुरू करा. फायनलायझर हातानं पुसलात, तर बाहेरचे लोड बॅलन्सर आणि डिस्क मागे राहतात आणि त्यांचं बिल येत राहतं.