भाड्याच्या मधपेट्या, कांदा बियाण्यासाठी : पेट्या घ्या, कोळ्यांवर फवारा नको

साक्री पट्ट्यात कांदा बीजोत्पादनाला मधपेट्या भाड्याने देणाऱ्या एका सेवेबद्दल हे. पाचपैकी साडेतीन गुण. दीड कापला तो मुख्यतः एका सल्ल्यापायी.

पेट्या मेलिफेरा म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, पोळ्याच्या दहा चौकटींच्या. रात्री, दार जाळीने बंद करून आणतात, हे बरोबर. तरी झाकण उघडून बघाच. सहा चौकटी दोन्ही बाजूंनी माशांनी झाकलेल्या हव्यात आणि उघड्या, म्हणजे मेणाचं झाकण न बसलेल्या माशांच्या अळ्याही दिसायला हव्यात. अळ्या असल्या की माशा पराग गोळा करायला धावतात. पेट्या लवकर ठेवण्याची यांना घाई असते. साधारण दहा टक्के गोंडे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गुच्छ, उमलेपर्यंत थांबवा. कांद्याच्या मकरंदात पोटॅश जास्त, माशीला तो फारसा रुचत नाही. आधी कोथिंबिरीची चटक लागली तर ती कांद्याकडे फिरकत नाही. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ते स्वतः ठेवतात, त्यामुळे मुंगळे चढत नाहीत. दुपारची सावली मात्र तुम्हीच करायची, आणि मार्चातलं आपलं ऊन कुणाला सांगायला नको.

आता तो सल्ला. गोंड्यावर पांढरा खेकडा कोळी दिसला की यांचा माणूस कीटकनाशकाच्या फवाऱ्याची बाटली काढतो. हा कोळी जाळं विणत नाही. पुढचे चार लांब पाय पसरून फुलात बसतो आणि माशी टेकली की मानेमागे चावतो. गोंड्याखाली माशी निश्चल लोंबकळताना दिसली तर वर नीट पाहा, धनी तिथेच असतो.

नुकसान होतं, पण मेलेल्या माशीमुळे कमी, बिचकलेल्या माशांमुळे जास्त. ब्राझीलमध्ये रानटी रास्पबेरीच्या फुलांवर नकली कोळी ठेवून पाहिलं. पुढच्या पायांचा आकार दिसला तरी कीटक टाळायचे, आणि बियांची संख्या व फळाचं वजन घटलं. ऑस्ट्रेलियातला याचाच एक भाऊबंद उलटं करतो : त्याच्या अंगावरून परतणाऱ्या अतिनील किरणांमुळे मधमाश्या कोळी बसलेल्या फुलाकडेच ओढल्या जातात. युरोपात एका रानफुलावर तर कोळी फुलं खाणाऱ्या अळ्या फस्त करतो म्हणून झाडाचा फायदाच झालेला आढळला, तोही अळ्या जास्त असतील तेव्हा. म्हणजे कोळी दिसला की बी गेलं, असं समीकरण नाही.

दाट एकरात बिचकलेली माशी शेजारच्या गोंड्यावर बसते, हिशेब तिथेच मिटतो. विरळ प्लॉटमध्ये किंवा बांधाकडेला जास्त खटकत असेल तर पहाटे गोंडा पिशवीवर वाकवून टिचकी मारा आणि कोळी दूर सोडा. फुलोऱ्यात फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मारलं तर कोळ्याआधी भाड्याच्या माशा मरतात, आणि भरपाई करारात तुमच्याच माथी लिहिलेली असते.

शंका असेल तर मोजा. कोळी असलेल्या दहा गोंड्यांना लाल दोरा, नसलेल्या दहांना पांढरा. काढणीआधी प्रत्येकातली वीस बोंडं फोडा. बोंडाला तीन कप्पे, कप्प्यात दोन, म्हणजे जास्तीत जास्त सहा दाणे. दोन्ही दोऱ्यांच्या सरासरीत फरक नसेल तर पुढच्या हंगामात बाटली परत पाठवा. दोन्हीकडे दाणे कमी असतील तर कोळ्याचा नाद सोडा, पेटीतल्या माशांनी भरलेल्या चौकटी मोजा.