केनियातल्या शाळेच्या छपरापायी आमचे १,२५,८०० रुपये गेले

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कुणी म्हणायला नको. एक लाख पंचवीस हजार आठशे. त्यातले ८६,३०० आमच्या बेळगावच्या चर्चच्या तरुण संघाचे आणि ३९,५०० आईच्या भिशीचे. खजिनदार मी. फोन माझा, पिन माझा, दाबणारं बोटही माझंच.

हे पैसे कुणी गठ्ठ्याने दिलेले नव्हते. हंगामाच्या सणाला उपासनेनंतर आमच्याकडे लिलाव होतो, घेणारा तीच वस्तू पुन्हा लिलावाला देतो. खानापूरकडच्या एका आजींचा भोपळा असा चार वेळा फिरला आणि शेवटी आजींनीच तो पन्नास रुपयांना घेऊन पिशवीत घातला. लिलावाचे ३१,४०० झाले. दिवाळीत कुंद्याचे अर्ध्या किलोचे ४५८ बॉक्स विकले, बॉक्समागे ५० सुटले, २२,९००. नाताळच्या आधी कॅम्प, टिळकवाडी, शहापूर असे गाणी म्हणत रात्री अकरापर्यंत फिरलो, ३२,०००. पोरांचे घसे बसले होते.

लिलावाच्या व्हिडिओखाली फेसबुकवर एका केनियाच्या पास्टरने आशीर्वाद दिला. किसुमूजवळ शाळा, वाऱ्याने उडालेले पत्रे, जमिनीवर बसलेली मुलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, सगळीकडे तीच गोष्ट असते. आम्ही काही अगदीच भोळे नव्हतो. संघात दोन इंजिनिअर आहेत. नंबर +२५४ चा, म्हणजे केनियाचाच. व्हिडिओ कॉलवर माणूस दिसला, कोट घातलेला, मागे भिंतीवर क्रूस. अजून काय तपासायचं होतं? (व्हिडिओ कॉलवर माणूस दिसला म्हणजे शाळा दिसली नाही. हे आत्ता सुचतंय.)

मी आधी सरळ मार्गानेच गेले होते. बँकेत विचारलं तर कळलं, परदेशी पैसे पाठवायची ती वर्षाला अडीच लाख डॉलरची सवलत फक्त व्यक्तींना, संघाच्या खात्यातून जमणार नाही. वर ए-टू फॉर्म, पॅन, कारण. काउंटरवरच्या बाईंनी एवढं सांगून खिडकीतून मान दुसरीकडे वळवली. पास्टरला कळवलं तर तो म्हणाला, काळजी नको सिस्टर, भारतात आमचा प्रतिनिधी आहे, त्याला यूपीआय करा.

८ डिसेंबरला ५४,००० पाठवायला बसले. आयडी टाकला आणि स्क्रीनवर नाव आलं ते शाळेचं नव्हतं, पास्टरचं नव्हतं, कुठल्या मिशनचंही नव्हतं. कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं. मी ते नाव दोनदा वाचलं. शेजारी बसलेल्या सेक्रेटरीला दाखवलंसुद्धा. तो म्हणाला, "प्रतिनिधीचं दुकान असेल की." मलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. आजही रात्री डोळे मिटले की ती स्क्रीन येते. वर हिरवी खूण, खाली ट्रेडर्स, आणि माझा अंगठा. बँकेत नोंदलेलं नाव दाखवून ते अॅप मला सांगत होतं, बाई थांब. अॅपला कळलं, मला नाही. तिथे आलेलं नाव ओळखीचं नसेल तर पैसे पाठवू नका. दुकान असेल, भाचा असेल, काही असेल, पाठवू नका.

दुसरी खूण १९ डिसेंबरची. त्याने "आजचा वर्ग" म्हणून व्हिडिओ पाठवला. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरभर सुट्टी असते. हे शोधायला दोन मिनिटं लागली, पण ती दोन मिनिटं मी जानेवारीत काढली.

आता लाजेची गोष्ट. ५४,००० गेले ते दयेपोटी गेले. पुढचे हावेपोटी गेले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पास्टरचा निरोप आला, इंग्लंडमधली एक संस्था तुमच्या कामावर खूश आहे, शाळेला मदत करेलच, तुमच्या संघालाही आठ लाख देईल. आमच्या हॉलची मंगळूरी कौलं तीन पावसाळे गळताहेत. पेटीवर प्लास्टिक टाकून आम्ही गातो. आठ लाख ऐकल्यावर कुणाला किसुमू आठवलं? २७ डिसेंबरला "परकीय देणगी क्लिअरन्स"चे ३२,३०० गेले, संघाचं खातं शून्यावर आलं. मग रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र आलं, ३९,५०० भरा की रक्कम मोकळी. कुणाला सांगू नका, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असंही त्याने वर बजावलं. ३ जानेवारीला माझं यूपीआय अडकलं म्हणून आईचे भिशीचे पैसे भावाला दिले आणि त्याच्या फोनवरून पाठवले. रिझर्व्ह बँक कुणाचे पैसे अडवून फी मागत नाही. कुणीही गुप्त ठेवा म्हणालं की त्याच संध्याकाळी चार जणांना सांगा.

६ तारखेला आणखी ६१,००० मागितले तेव्हा मंडळीतल्या एका वकीलमामांना पत्र दाखवलं. ते हसले नाहीत, म्हणून जास्त लागलं. म्हणाले, परदेशी देणगी घ्यायला गृह मंत्रालयाची नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी लागते, आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते. "तुझ्या संघाचं आहे का तसं खातं?" नव्हतं. म्हणजे ते आठ लाख खरे असते तरी आम्हाला घेता आले नसते.

त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पहिल्या तासाभरात केला असता तर पैसे वाटेत गोठवता येतात. मी पहिल्या पैशानंतर एकोणतिसाव्या दिवशी केला. ही माझी चूक, मान्य. पण पुढचं माझं नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला मॅडम, पोलिसांत जा. ठाण्यात मी इंग्रजीत अर्ज नेला, तर कन्नडमध्ये आणा. कन्नड मी बोलते, पण कायद्याची कन्नड लिहायला कोर्टाजवळच्या टायपिस्टला ३०० दिले. मग साहेब बंदोबस्ताला. मग साहेब रजेवर. प्रत्येक वेळी तोच हवालदार, तेच वाक्य, "अक्का, नाळी बर्री." उद्या या. आमच्या लहानपणी भुताला चकवायला लोक दारावर "नाळे बा" लिहायचे. त्या ठाण्यात भूत मी होते.

एकदाचा कागद घेतला तर ३९,५०० त्यात नाहीत. का? भाऊ हद्दीपलीकडे महाराष्ट्रात नोकरीला, खातं तिकडचं, म्हणून तो गुन्हा तिकडचा. तिकडे गेलो तर तिकडचे म्हणाले, फसवणूक बेळगावात झाली. गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी ते छापून नेलं. तिकडच्या माणसाने कागद उलटा करून त्यावर दुसऱ्याच कुणाचा मोबाइल नंबर लिहून घेतला. सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. माझ्या आईची भिशी बहुतेक त्या निकालाची वाट बघतेय.

संघाचे ८६,३०० मी महिन्याला ३,००० प्रमाणे भरतेय. कुणी मागितले नाहीत, पण हिशेब वाचताना भोपळेवाल्या आजी पुढच्याच बाकावर बसतात. स्क्रीनशॉट, चॅट, व्यवहाराचे क्रमांक काही पुसू नका. मी रागाने अर्धं चॅट पुसलं, तेही आता पोलीस ऐकवतात.

काल एक फोन आला. सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, फाइल चार्ज फक्त ४,९९९, आजच भरा. मी म्हटलं, "नाळी बर्री."