चांदी-पिरोजाचे दागिने रोज वापरल्यावर काय टिकतं, काय बिघडतं

अमेरिकेतल्या नवाहो या मूलनिवासी जमातीच्या कारागिराने घडवलेलं रुंद उघडं कडं, त्याच घडणीची मोठ्या खड्याची अंगठी आणि तिथल्याच झुनी जमातीच्या जडावाची कानातली. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोतले हे तिन्ही दागिने कित्येक महिने रोज वापरात आहेत. चांदी तिन्हींत ९२.५ टक्केच. कडं अजून देखणं आहे, कानातली नव्यासारखी आहेत, अंगठीचा खडा मात्र कडेने हिरवट पडला आहे. चांदीपेक्षा खडा कोणता आणि तो कुठे बसवला आहे, यावरच सगळं ठरतं.

पिरोजा म्हणजे तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचं पाणी धरून असलेलं फॉस्फेट. निळाई येते तांब्यामुळे. लोहाचं प्रमाण वाढलं की खडा हिरव्याकडे झुकतो. मोह्स मापावर त्याचा कठीणपणा ५ ते ६, म्हणजे धुळीतल्या क्वार्ट्झचा कणही त्यावर ओरखडा काढू शकतो. शिवाय तो सच्छिद्र असतो. हाताचं क्रीम, सनस्क्रीन, स्वयंपाकाचं तेल, घाम हे सगळं हळूहळू आत मुरतं आणि रंग बदलतो. मुरलेलं तेल घासून निघत नाही. म्हणून अंगठीसाठी दाबाखाली रेझिन भरून घट्ट केलेला, म्हणजे स्टॅबिलाइझ्ड, खडाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. तो खरा पिरोजाच असतो; विक्रेत्याने प्रक्रिया सांगितली असेल तर त्यात फसवणूक नाही. नैसर्गिक खडा कानात किंवा गळ्यात शोभतो आणि टिकतोही, तिथे हाताचं तेल पोचत नाही. ‘ब्लॉक’ नावाने विकला जातो तो निव्वळ रंगवलेला रेझिन, त्यात पिरोजा नसतोच.

कोंदण नखाने तपासता येतं. खड्याभोवतीच्या पातळ पट्टीवरून नख फिरवा. कुठे अडकलं तर पट्टी उचलली गेली आहे. कानाजवळ धरून हलवल्यावर टकटक ऐकू आली तर खडा सैल आहे, तो पडण्याआधी पट्टी दाबून घ्यावी. जुन्या घडणीत खड्याखाली लाकडाचा भुसा भरत. पाणी आत गेलं की भुसा फुगतो आणि खडा वर ढकलला जातो. अंगठी घालून भांडी घासू नयेत, पोहू नये, हे त्यासाठीच.

अंगठीचं माप घेताना घाई नको. ती नंतर मोठी करायची तर चांदी तापवावी लागते, आणि त्या उष्णतेने पिरोजा तडकतो किंवा रंग बदलतो. त्यामुळे खडा आधी काढावा लागतो. ते काम जाणणाऱ्याकडेच द्यावं.

कड्याचं माप म्हणजे आतली लांबी अधिक फट. १६ सेंमी मनगटाला साधारण १३.५ सेंमी चांदी आणि २.५ सेंमी फट बसते. घालताना फट मनगटाच्या अरुंद बाजूवर आणून एक टोक आधी सरकवावं, मग कडं फिरवावं. दर वेळी ओढून उघडलं तर चांदी ताठर होत जाते आणि शेवटी मधोमध चिरते. त्याआधी खड्याचं कोंदण वाकतं.

चांदी काळवंडेल, ते हवेतल्या गंधकामुळे. सुकं मऊ कापड पुरेसं आहे, तेही उंच भागांवरच. ठशांच्या खाचांतला काळा रंग कारागिराने मुद्दाम आणलेला असतो, नक्षी त्यानेच उठून दिसते. चांदी बुडवून चमकवायचं द्रावण तो रंग धुऊन टाकतं आणि त्यातलं आम्ल खडा खराब करतं. सफाईचं अल्ट्रासोनिक यंत्रही नको. झुनी जडावात बारीक तुकडे चिकटवलेले असतात, भिजत राहिले किंवा तापले की सुटतात. काढून ठेवताना हवाबंद पिशवीत ठेवा, रबरबँड मात्र लावू नका, त्यातही गंधक असतं.

वाळवंटातल्या स्वच्छ दुपारच्या आकाशाचा, एकही रेघ नसलेला निळा हवा असेल, तर लोक ‘स्लीपिंग ब्यूटी’ मागतात. अ‍ॅरिझोनातल्या ग्लोबजवळच्या या खाणीतून पिरोजा काढणं २०१२ मध्ये बंद झालं, म्हणून ते नाव ऐकलं की जास्त चौकशी करावी. अ‍ॅरिझोनातल्याच किंगमन खाणीच्या खड्यात काळ्या-तपकिरी रेघा दिसतात. रोजच्या वापराला तो आम्हाला अधिक आवडतो, बारीक ओरखडे त्यात लपतात.

खरेदीच्या पावतीवर कारागिराचं नाव, जमात, चांदीची शुद्धता आणि खड्यावरची प्रक्रिया लिहून घ्या. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने, इतरांनी बनवलेला माल मूलनिवासी कारागिरांचा म्हणून विकणं गुन्हा आहे. ‘नवाहो शैली’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो दागिना नवाहो हातचा असल्याची हमी त्यात नाही.