ट्रस्ट सेंटर टूलचा रिव्ह्यू, ॲडमिन करणाऱ्याच्या बाजूने

आमची पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी, क्लायंट बहुतेक अमेरिका-युरोपचे आणि थोड्या इथल्या बँका, एनबीएफसी. डील सही व्हायच्या आधी समोरची सिक्युरिटी टीम कागद मागतेच, सॉक टू रिपोर्ट (डेटा कसा सांभाळता याचा बाहेरच्या ऑडिटरचा अहवाल) द्या, माहिती सुरक्षेचं आयएसओ सर्टिफिकेट द्या, पेनटेस्ट (मुद्दाम हल्ला करून त्रुटी शोधायची चाचणी) कधी झाली, डेटा कुठे ठेवता, सबप्रोसेसर (तुमच्या वतीने आमचा डेटा हाताळणाऱ्या इतर कंपन्या) कोण कोण. आधी हे सगळं मेलवर चालायचं, म्हणजे सेल्सवाला मला पिंग करणार, मी लीगलला एनडीए (गुप्ततेचा करार) झालाय का विचारणार, लीगलचं उत्तर यायला वेळ लागणार, मग मी पीडीएफ जोडून पाठवणार आणि ती पुढे कोणाकोणाकडे फॉरवर्ड झाली याचा पत्ताच नाही. म्हणून ट्रस्ट सेंटर, म्हणजे हे कागद एका जागी ठेवून परवानगीनेच दाखवणारं पोर्टल, घ्या असा आग्रह मीच धरला होता आणि त्याचं ॲडमिनही मीच बघते.

या बाजारात व्हान्टा, ड्राटा, सेफबेस, कन्व्हेयर अशी नावं ऐकू येतात, त्यातली सेफबेस २०२५ मध्ये ड्राटानेच विकत घेतली. आम्ही कुठलं वापरतो ते लिहीत नाही, काही तक्रारी अजून त्यांच्या सपोर्टकडे पडून आहेत. तसंही मला वाटतं कुठलंही घेतलं तरी तपासायच्या गोष्टी याच.

सेटअप सोपा आहे. डीएनएसमध्ये एक सीनेम टाकायचा (म्हणजे पान आपल्याच वेबपत्त्यावर उघडतं), लोगो-रंग लावायचे, झालं. डेमोमध्ये सगळा वेळ हेच दाखवतात आणि मॅनेजमेंट त्यावरच खूश होतं, पण व्हिजिटरला दिसणारं पान सगळ्यांचंच बरं असतं. पैसे कशासाठी मोजायचे तर मागच्या बाजूसाठी, कोणाला काय दिसतं, कोण अप्रूव्ह करतं आणि दिलेला ॲक्सेस परत कसा काढायचा.

कुठलं डॉक्युमेंट उघड ठेवायचं हा पहिला प्रश्न आणि इथे टूल चांगलं आहे. सॉक टू रिपोर्ट हा मर्यादित वापराचा असतो, ऑडिटरच्या पानावरच लिहिलेलं असतं की हा कोणासाठी आहे, तो वेबसाइटवर उघडा टाकायचाच नाही. सगळ्यांना दाखवायला सॉक थ्री असतो, त्यात टेस्टिंगचा तपशील नसतो. आयएसओ २७००१ चं सर्टिफिकेट बिनधास्त पब्लिक ठेवा, पण स्टेटमेंट ऑफ ॲप्लिकेबिलिटी (कुठले कंट्रोल, म्हणजे सुरक्षेचे उपाय, लागू आहेत त्याची यादी) कुलपात. पेनटेस्टचा पूर्ण रिपोर्ट आम्ही कोणालाच देत नाही, टेस्ट करणाऱ्या फर्मचं समरी लेटर देतो. या टूलमध्ये प्रत्येक फाइलला वेगळी पातळी लावता येते, पब्लिक, एनडीएनंतर, किंवा ठराविक अकाउंटलाच. इथल्या बँका वेगळंच विचारतात, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांत इन्सिडेंट कळवता का, लॉग १८० दिवस भारतात ठेवता का, त्यांच्यासाठी वेगळा सेक्शन करून फक्त त्यांनाच दाखवता आला, हे मला फार आवडलं.

आता रिक्वेस्ट येते तेव्हा काय होतं ते सांगते. अप्रूव्ह करायच्या स्क्रीनवर नाव, कंपनी, ईमेल, एनडीए सही झालाय की नाही आणि सीआरएममध्ये (सेल्सच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) त्या कंपनीची डील उघडी आहे का, हे सगळं एका ओळीत दिसतं. डोमेन जुळतं, डील चालू आहे, एनडीए आहे, तर आपोआप अप्रूव्ह, आणि बहुतेक रिक्वेस्ट अशाच निघून जातात, अमेरिकेतल्या माणसाला आपली सकाळ व्हायची वाट बघावी लागत नाही. बाकीच्यांत खरं काम असतं. मोठ्या बँका व्हेंडर तपासणी बाहेरच्या कन्सल्टंटला देतात, मग रिक्वेस्ट येते कन्सल्टंटच्या डोमेनवरून आणि कारणात लिहिलेलं असतं की अमुक बँकेसाठी. अशा वेळी मी थेट अप्रूव्ह करत नाही, आपल्या सेल्सवाल्याकडून बँकेतल्या माणसाचा एका ओळीचा मेल मागवते की हो, हे आमच्यातर्फे आहेत. टूलमध्ये तो मेल रिक्वेस्टला जोडून ठेवायची सोय आहे, पुढच्या ऑडिटला तोच पुरावा. जीमेलवरून आलेली रिक्वेस्ट सरळ नाकारायचा नियम पण लावता येतो, लावाच.

तक्रारी आता. सगळ्यात त्रासदायक प्रकार लॉगिनच्या लिंकचा होता. पासवर्ड नाही, मेलवर एकदाच चालणारी लिंक येते. मोठ्या कंपन्यांत मेल सिक्युरिटीचा स्कॅनर प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघतो, म्हणजे माणसाने क्लिक करायच्या आत लिंक वापरून संपलेली, आणि समोर दिसतं ‘लिंक एक्सपायर झाली आहे’. परत मागितली तरी तेच. क्लायंटला वाटणार यांचं पोर्टलच बंद आहे, आणि जे सिक्युरिटीत कडक तेच नेमके अडकणार. सपोर्ट कितीतरी दिवस ‘ब्राउझरची कॅश साफ करा’ सांगत राहिला. शेवटी त्यांनी मध्ये एक पान टाकलं ज्यावर बटण दाबलं की मगच लिंक वापरली जाते, तेव्हा सुटलं. तुम्ही घेणार असाल तर ट्रायलमध्येच एखाद्या बँकेच्या ईमेलवर टेस्ट करून घ्या.

दुसरी वॉटरमार्कची. डाऊनलोड होताना प्रत्येक पानावर घेणाऱ्याचा ईमेल आणि तारीख तिरकी छापली जाते, कल्पना उत्तम, लोक फॉरवर्ड करताना विचार करतात. पण ऑडिटरकडून आलेली पीडीएफ लॉक केलेली किंवा डिजिटल सहीची असेल तर टूल त्यावर छापू शकत नाही, आणि तसं सांगतही नाही, नुसतं ‘प्रोसेसिंग’ फिरत राहतं. एक ओळीचा एरर मेसेज दिला असता तर अर्धा दिवस वाचला असता. उपाय एकच, ऑडिट फर्मकडे रीतसर अनलॉक केलेली प्रत मागायची. प्रिंट काढून स्कॅन करायचा जुगाड करू नका, रिपोर्टमध्ये शोधता येत नाही आणि समोरच्याला संशय येतो.

तिसरी मला सर्वात गंभीर वाटते. सॉक टू टाइप टू हा एका कालावधीचा असतो, कालावधी संपल्यावर नवा रिपोर्ट हातात यायला कित्येक आठवडे जातात, मधल्या काळासाठी कंपनी स्वतःच्या लेटरहेडवर ब्रिज लेटर (दरम्यान मोठा बदल झालेला नाही असं पत्र) देते, तेही साधारण ३ महिन्यांपुरतंच लोक धरतात. म्हणजे तारखा सांभाळणं हेच ॲडमिनचं मुख्य काम. टूलमध्ये एक्सपायरी टाकता येते पण आठवणीचा मेल जातो फक्त ज्याने फाइल अपलोड केली त्यालाच! तो माणूस कंपनी सोडून गेला की मेल कोणालाच मिळत नाही. आमच्याकडे आता सगळं टीमच्या कॉमन अकाउंटवरून अपलोड होतं, पण ही सोय मुळात टूलमध्ये हवी, मी लेखी मागणी केलीय.

अपडेट पाठवायची सोय मात्र सोन्यासारखी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे (सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीतली गंभीर त्रुटी) आलं तेव्हा ज्यांनी काम केलंय त्यांना आठवत असेल, प्रत्येक क्लायंटचा तोच मेल, तुम्ही बाधित आहात का. आता एक नोट लिहायची, सबस्क्राइब केलेल्या सगळ्यांना जाते. सबप्रोसेसर बदलला की युरोपच्या डेटा कायद्याच्या, म्हणजे जीडीपीआरच्या, कलम २८ प्रमाणे क्लायंटला आधी कळवून हरकत घ्यायची संधी द्यावी लागते, तेही इथूनच होतं. फक्त पब्लिशचं बटण दाबलं की मेल सुटला, दुसऱ्या माणसाचं अप्रूव्हल नाही. इतक्या नाजूक मजकुराला दोन जणांची नजर हवीच.

एआयने प्रश्नावली भरायचं फीचर बरं आहे, ड्राफ्टपुरतं. सीएआयक्यू या क्लाउड सुरक्षेच्या ठरलेल्या प्रश्नावलीच्या ४.० आवृत्तीत २६१ प्रश्न असतात, हाताने भरायचं म्हणजे जीव जातो, त्यामुळे वेळ खरंच वाचतो. पण ते जुनी उत्तरंही तितक्याच आत्मविश्वासाने उचलतं. बॅकअपच्या प्रश्नाला त्याने ए.१२.३.१ कंट्रोल लिहिला, तो २०१३ च्या आयएसओचा, २०२२ मध्ये तो ८.१३ झाला आणि एकूण कंट्रोल ११४ वरून ९३ वर आले. जुन्या सर्टिफिकेटची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, त्यानंतर असं उत्तर गेलं तर समोरचा सर्टिफिकेटवरच शंका घेणार. ही उत्तरं पुढे करारालाही जोडली जातात, म्हणून माणसाने वाचल्याशिवाय एकही जाऊ देऊ नका.

किंमत कॉलवरच सांगतात, करार वर्षाचा, आणि एसएसओ (कंपनीच्या एकाच लॉगिनने आत जायची सोय) वरच्या प्लॅनमध्ये ठेवलंय जे सिक्युरिटीचंच प्रॉडक्ट विकणाऱ्यांनी करायला नको होतं. महिन्याला एखाददुसरी रिक्वेस्ट येत असेल तर वेबसाइटवर एक साधं पान आणि मेल पुरे. आमच्याइतकी गर्दी असेल तर घ्या, माझ्याकडून ५ पैकी ४. डेमोमध्ये रंग-लोगो बघत बसू नका, त्यांना सांगा की एका क्लायंटचा करार संपलाय, त्याच्या पूर्ण डोमेनचा ॲक्सेस आत्ता माझ्यासमोर काढून दाखवा आणि त्यांनी आजपर्यंत काय काय डाऊनलोड केलं त्याची यादी एक्सपोर्ट करून द्या. आमच्या टूलमध्ये हे दोन क्लिकमध्ये होतं.